बिघडलेल्या सुराची गोडी

आमच्या माजघरांतील फडताळांत एक जुना ट्रान्झिस्टर रेडिओ होता. आईनें त्यावर नाट्यगीतें ऐकलीं, वडिलांनीं बातम्या ऐकल्या; आणि तीं दोघें गेल्यावर तो मुका झालेला रेडिओ टाकून देण्याचें धैर्य घरांत कोणासच न झाल्यामुळें तो तसाच राहिला. गेल्या वर्षीं माझी धाकटी बहीण व तिचा मुलगा आमच्याकडे राहावयास आलीं. भाचा विद्युत्-शास्त्राचा विद्यार्थी असून गिटार वाजवितो. एके दिवशीं दुपारीं पाहतों तों रेडिओचें पोट उघडें, आणि त्यांतील दोन चिमुकले ट्रान्झिस्टर नाहींसे! सायंकाळीं चौकशी करतां ते एका पत्र्याच्या डबींत, आणखी चारदोन सुट्या भागांच्या संगतींत, डाख देऊन बसविलेले आढळले. मी रागावणार इतक्यांत त्यानें गिटार डबीस जोडली, डबी ध्वनिवर्धकास जोडली, आणि एक तार छेडली.

स्वयंपाकघरांतून बहिणीनें विचारलें, "दादा, मिक्सर जळला का रे?"

मीही फार निराळें बोललों नाहीं. "तुझें वाद्य बिघडलें आहे. तें दुरुस्त कर, आणि रेडिओचे भाग जागच्या जागीं बसव," असें मीं सांगितलें. मुलगा शांत स्वभावाचा आहे. तो म्हणाला, "मामा, तें बिघडलेलें नाहीं, मुद्दाम बिघडविलेलें आहे. तुम्ही आईच्या तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा काढून एकदां तार छेडा; मग आपण बोलूं."

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. परीक्षेच्या वर्षीं ही गिटार घरांत नको, ती विकून टाकावी, असें बहिणीचें मत होतें. आणि तो निर्णय तिनें माझ्यावर सोंपविला होता. माझा शब्द भाचा मोडणार नाहीं हें तिला ठाऊक होतें, आणि मलाही ठाऊक होतें. पुरावा ऐकल्यावांचून निकाल देणें हें कोणत्याही न्यायासनास शोभत नाहीं. म्हणून त्या रात्रीं, सर्व निजल्यावर, मीं तंबोरा खालीं उतरविला व दोरा काढला.

तंबोरा ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं हा प्रयोग अवश्य करावा. तार व घोडी यांच्यामध्यें जो सुती दोरा असतो तो योग्य जागीं सरकविला म्हणजे जवारी लागते, हें आपण सर्व जाणतों. तो काढतांच तार अगदीं बोडकी झाली. स्वर तोच होता, तितकाच उंच होता. परंतु त्याचें तें भरलेपण, तो गुंजारव, खर्जाच्या पोटांतून आपोआप वर येणारा तो स्वयंभू गांधार, सारें नाहींसें झालें. म्हणजे ज्यास आम्ही इतकीं वर्षें तंबोऱ्याचा 'शुद्ध' नाद म्हणत आलों, तो तारेचा निर्भेळ नाद नव्हेच. तार घोडीच्या वक्र पाठीला पुनःपुन्हां चाटून जाते, आणि त्या घसटण्यानें अंशस्वर जागे होतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर जो शोधनिबंध लिहिला त्यांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, तार ज्या बिंदूशीं छेडली असतां जे अंशस्वर जुन्या नियमानुसार उमटूं नयेत, तेही तंबोऱ्याच्या व वीणेच्या घोडीमुळें उमटतात. मिरजेचे कारागीर तर हें गणित न मांडतां, केवळ कानानें, पिढ्यान्पिढ्या घोडी घांसत आले आहेत. तारेच्या मोकळ्या कंपांत थोडासा अडथळा, थोडासा 'बिघाड' घातल्यानेंच तिला रस येतो, ही गोष्ट आमच्या घरांत भिंतीला टेकून उभी होती. मला ती त्या रात्रीं प्रथम कळली.

भाच्याच्या डबींत जें घडतें तें याच जातीचें आहे. त्या आवाजास इंग्रजींत 'फझ' म्हणतात. पीच फळाच्या सालीवर जी मऊ लव असते तिचें तें नांव. स्वराला फुटलेली लव असा त्याचा अर्थ घ्यावा. गिटारच्या पोलादी तारेखालीं चुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार हालली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्-लाट उत्पन्न होते. डबींतील पहिला ट्रान्झिस्टर ती अनेक पट वाढवितो, दुसरा ती आणखी वाढवितो. पण बॅटरी पडली नऊ व्होल्टांची. तिच्याहून उंच लाट उभी राहणार कोठून? जुन्या वाड्याच्या बुटक्या दारांतून उंच माणसानें जावें तसें होतें. फरक इतकाच कीं मनुष्य वांकतो आणि लाटेचा माथा कापला जातो. गोल माथ्याची लाट चौकोनी होऊन बाहेर पडते, आणि चौकोनी लाट म्हणजे मूळ स्वर अधिक त्याचे तिसरे, पांचवे, सातवे इत्यादि विषम अंशस्वर. कापणी वरच्या व खालच्या बाजूस सारखी नसली तर त्यांत समही मिसळतात. ती लव म्हणजे हेच अंशस्वर.

याहून महत्त्वाचा असा एक दुसरा परिणाम आहे, आणि माझ्या मतें फझची सारी गोडी त्यांत आहे. छेडलेल्या तारेचें दुर्दैव असें कीं ती जन्मतांच मरूं लागते. गवयास श्वास आहे, सारंगीस गज आहे, बांसरीस फुंकर आहे. सतार, वीणा किंवा गिटार यांस एका आघाताची पुंजी मिळते व ती क्षणोक्षणीं खर्च होते. परंतु लाट दारापेक्षां शंभर पट उंच असो कीं दहा पट, दाराची उंची तीच! म्हणून तार आंतल्या आंत विझत असतांही बाहेर पडणारा स्वर कितीतरी वेळ एकाच जोराचा राहतो. छेडलेल्या तारेला फझनें श्वास दिला. ज्यांना हा आवाज नकोसा वाटतो ते बहुधा स्वराचा पहिला आघात ऐकतात व कान मिटून घेतात. मीही तेंच करीत होतों. पहिल्या आघाताकडे दुर्लक्ष करून स्वराचा उत्तरार्ध ऐकावा. वादक त्या लांबलेल्या स्वराचें काय करतो, त्यास कसा कंप देतो, कोठें सोडतो, हें पाहावें. मग ही वस्तु एकदम निराळी दिसूं लागते.

हा आवाज कोणी बुद्धीनें शोधून काढला असें मात्र नाहीं. १९५१ सालीं अमेरिकेंत मेम्फिस येथें 'रॉकेट एटी-एट' या गाण्याचें ध्वनिमुद्रण झालें तेव्हां गिटारवादक विली किझार्ट याच्या ध्वनिवर्धकास वाटेंत इजा झाली होती. फाटलेल्या स्पीकरांत कागद कोंबून काम भागविलें, आणि त्या घरघरीचेंच लोकांना आकर्षण वाटलें. पुढें १९६१ सालीं मार्टी रॉबिन्स याचें 'डोंट वरी' हें गाणें बाहेर पडलें. तें नॅशव्हिल येथें मुद्रित होत असतां मिश्रण-यंत्राचा एक भाग बिघडला, आणि नेमकें त्याच भागांतून ग्रेडी मार्टिन याचें सहा तारांचें बास गिटार जात होतें. गोड, शांत गाण्याच्या मध्यावर एकाएकीं भुंग्याचा थवा उठल्यासारखें होतें! ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण-तज्ज्ञानें तो बिघाड दुरुस्त करून स्वस्थ न बसतां त्याची प्रतिकृति ट्रान्झिस्टरांनीं बनविली; तिच्यावरून गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं 'मॅस्ट्रो फझ-टोन' नांवाची, पायानें चालू-बंद करावयाची पेटी विक्रीस काढली. पितळी वाद्यांचा व चेलोचा आभास गिटारवर उत्पन्न होतो, अशी तिची जाहिरात होती. म्हणजे विकणाऱ्यांनाही ही पेटी नक्कल करणारी वाटली होती, स्वतंत्र आवाजाची नव्हे. पेटी फारशी खपली नाहीं. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यानें 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यांत तिचा उपयोग केला, तोही पुढें त्या जागीं पितळी वाद्यें घालावयाचीं या हिशेबानें. तीं वाद्यें घालावयाचीं राहिलीं, गाणें जगभर गाजलें, आणि दुकानांतील फझ-पेट्या संपल्या. दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या आर्बिटर कंपनीनें 'फझ फेस' काढली. भाच्याची डबी हिचीच नक्कल आहे: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरक्या, एवढ्यांत सारें आटोपतें. आमच्या रेडिओंत निघालेले एसी १२८ जातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर त्या कामास उत्तम चालतात म्हणे. ते त्यानें वाया घालविले नव्हते, हें मला कबूल करणें भाग पडलें.

असो. ही झाली उपकरणाची कथा. परंतु कोणतेंही उपकरण स्वतः कांहीं गात नाहीं. फझला विचारी हात भेटले ते १९६९ च्या सुमारास इंग्लंडांत. त्या वेळीं तेथील कांहीं तरुणांस तीन मिनिटांचीं प्रेमगीतें पुरेनाशीं झालीं होतीं. कोणी चर्चच्या गायनवृंदांत वाढलेला, कोणी जॅझ ऐकून बिघडलेला (हा शब्द त्यांच्या वडिलांचा समजावा), कोणी पियानोवर बाखचे पाठ गिरविलेला. त्यांनीं रॉक संगीताच्या चौकटींत वीस-वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचीं आवर्तनें व वाद्यांचे संवाद आणिले. यास प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. १९६९ ते १९७५ हा त्याचा भराचा काळ. भाच्यानें मला एक महिनाभर रोज रात्रीं जेवणानंतर एक तबकडी ऐकविली, आणि मीं टिपणें ठेविलीं. त्यांतलीं कांहीं येथें देतों.

पहिल्या रात्रीं किंग क्रिमसन या मंडळीची 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' ही ऑक्टोबर १९६९ मधील तबकडी झाली. तींतील पहिलीच रचना 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'. आरंभीं गिटार, बास व सॅक्सोफोन एकाच जड पदानें एकत्र चालतात, आणि तीन निरनिराळीं वाद्यें वाजत आहेत हें कळतच नाहीं. फझमुळें गिटार सॅक्सोफोनच्या जातीची होऊन बसते. मग गायक येतो. ग्रेग लेक याचा कंठ मूळचा गोड; पण येथें त्याचाही स्वर मुद्दाम विरूप केलेला आहे. तार माणसासारखी गाते आणि माणूस यंत्रासारखा बोलतो, अशी ही अदलाबदल आहे. युद्ध व यंत्रयुग यांविषयींच्या गाण्यास ती फारच शोभते. मधल्या भागांत रॉबर्ट फ्रिप याचें एकल वादन आहे. भोंवतीं तबले-नगारे कोसळत असावेत तसा ढोलांचा कल्लोळ चाललेला, आणि हा मनुष्य एकच स्वर धरून बसतो. आम्हांस आलापी परकी नाहीं. तरी द्रुत लयींत, इतक्या गलबल्यांत, एवढ्या निवांतपणें स्वर लांबविण्याची छाती मीं क्वचितच ऐकली आहे. त्यानंतर सर्व वाद्यें मिळून तुटक तुटक तुकडे वाजवितात आणि मध्यें पूर्ण शांतता ठेवितात. फझची तार इतकी बोलकी असते कीं बोटाचा किंचित् हलगर्जीपणाही ती मोठ्यानें सांगते. ती क्षणांत गप्प करणें हेंच अवघड. त्या शांततेंत एकही तार गुरगुरत राहत नाहीं. फ्रिप वादनाच्या वेळीं रंगभूमीवरही खुर्चीवर बसूनच वाजवितो, ही गोष्ट ऐकून बहिणीचें मत किंचित् मवाळ झालें.

येथें बहिणीचा आक्षेप नोंदविला पाहिजे, कारण तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ती तीस वर्षें गात आहे. ती म्हणाली, "दादा, जवारी काढावयास कारागिराचा हात लागतो व ती लावावयास गाणाराचा कान लागतो. ही डबी काय, बटण दाबलें कीं कोणाचीही तार गुंजेल." भाच्यानें उत्तर न देतां डबी चालू केली आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. तिनें तार छेडली. एका तारेबरोबर दुसऱ्या चार तारा गुरगुरूं लागल्या, आणि कोठून काय वाजतें हेंच तिला कळेना. ती हंसली. पण तिचें समाधान झालें असें मी म्हणणार नाहीं. आणि माझेंही पुरतें झालेलें नाहीं. यंत्र कांहीं वाटा सोप्या करतें हें खरेंच आहे.

मात्र तें एक वाट साफ बंदही करतें. फझवर स्वरमेळ टिकत नाहीं. हें कां, तें समजून घेण्यासारखें आहे, आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानास तें लवकर समजेल. गिटारचे पडदे समविभागी सप्तकाचे असतात. त्यांतील पंचम नैसर्गिक पंचमाहून अगदीं किंचित्, अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या दुपटीइतका, उतरलेला असतो. पण गांधार मात्र स्वयंभू गांधाराहून असे चौदा भाग चढा असतो. समजा, षड्ज सेकंदास २२० कंपांचा आहे. त्याचा पांचवा अंशस्वर ११०० वर येतो, आणि गिटारच्या गांधाराचा चौथा अंशस्वर सुमारें ११०९ वर. साध्या तारेंत हे अंशस्वर दुबळे असतात म्हणून त्यांचें भांडण ऐकूं येत नाहीं. फझ त्यांस बळकट करतो, आणि सेकंदास नऊ वेळां ठोके पडून कर्कशपणा होतो. शिवाय दोन स्वर एका डबींतून गेले कीं त्यांच्या फरकाचे तिसरेच स्वर जन्मास येतात. षड्ज-पंचमाचे ठोके सेकंदास एकाहूनही कमी पडतात, आणि त्यांच्या फरकाचा स्वर म्हणजे मंद्र षड्जच. म्हणून ती जोडी भारदस्त वाटते. या कारणानें फझ वापरणारा वादक एकतर एकस्वरी जातो नाहींतर षड्ज-पंचमावर उभा राहतो. ज्या युरोपीय संगीताचा सारा डोलारा स्वरमेळावर आहे, त्यांतील या तरुणांस एका डबीनें एकस्वरी गायकीच्या दारांत आणून सोडलें, याची मला मोठी गंमत वाटली.

ज्यांना एकच रचना ऐकून पाहावयाची आहे त्यांनीं जेनेसिस मंडळीची 'फर्थ ऑफ फिफ्थ' ऐकावी. ती १९७३ च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' या तबकडींत आहे. तींतील एक सुंदर चाल प्रथम पीटर गेब्रिएल बांसरीवर वाजवितो. एकट्या पियानोच्या साथीनें, जवळ जवळ घरगुती वाटावी अशी. कांहीं मिनिटांनीं तीच चाल स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेतो. बांसरीच्या चालींतील प्रत्येक स्वराच्या शेवटीं श्वास संपतो. गिटारच्या चालींत तो संपत नाहीं, स्वर लांबत जाऊन पुढल्या स्वराच्या आधीं एकदम फुलतो. चाल एक, श्वास दोन. माझ्या बहिणीनें ही रचना तीन वेळां लावावयास सांगितली, आणि तिसऱ्या वेळीं म्हणाली, "याला स्वराचा लगाव कळतो." तिच्या तोंडून असे शब्द मीं फारसे ऐकलेले नाहींत.

आमच्या संगीत नाटकांत ऑर्गन होता, त्यामुळें कॅंटरबरीच्या सॉफ्ट मशीन मंडळीविषयीं मला विशेष कुतूहल होतें. त्यांच्यांत गिटारवादक उरला नाहीं, तेव्हां माइक रॅटलेज यानें घरगुती वापराचा लोरी ऑर्गनच फझ-पेटींतून काढला! परिणाम असा झाला कीं बोटें उचललीं रे उचललीं कीं ध्वनिवर्धक शिट्टी मारूं लागे. म्हणून तो थांबतच नसे, आणि त्याच्या वादनाला जी दम न घेणारी धांव आली ती अशी सक्तीची होती. त्याचा जोडीदार ह्यू हॉपर बास गिटारही फझमधून वाजवी. १९७० च्या 'थर्ड' या दोन तबकड्यांच्या संचांत एका बाजूस एकच रचना, अशा चार रचना आहेत. पैकीं हॉपरची 'फेसलिफ्ट' क्रॉयडन व बर्मिंगहॅम येथील प्रत्यक्ष कार्यक्रमांतून घेतलेली आहे. तिचा आरंभ मला सोसला नाहीं. कांहीं मिनिटें ऑर्गन नुसता करवादतो, आणि तें ऐकणें म्हणजे आजाऱ्याच्या उशाशीं बसण्यासारखें आहे. पण त्यानंतर जी चाल उगवते ती त्या काळोखामुळेंच उजळ वाटते असें भाचा म्हणतो. त्याच ऑगस्टांत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रसिद्ध प्रोम्स महोत्सवांत, जेथें अभिजात संगीताचें राज्य, या मंडळीस पाचारण झालें होतें.

आतां बास गिटारकडे वळतों, कारण खरा अभ्यासाचा विषय तो आहे. बासची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदास सुमारें ४१ कंपांची. लहान स्पीकरांतून तो स्वर येतच नाहीं. परंतु त्याचे अंशस्वर कानीं पडले तर मेंदू मूळ स्वर आपोआप भरून काढतो. फझमुळें बासला अंशस्वरांचा मुखवटा मिळतो आणि आजवर भिंतीआड राबणारें हें वाद्य दिवाणखान्यांत येऊन बसतें. त्याची किंमतही द्यावी लागते: कापाकापींत बासचें बूड हलकें होतें. १९६५ सालीं बीटल्सनीं 'थिंक फॉर युवरसेल्फ' या गाण्यांत याची तोड अशी काढली कीं पॉल मॅकार्टनीनें साधा बास वाजविला आणि त्याच्यावर दुसरा, फझचा, चाल म्हणून वाजविला. पाया पायाच्या जागीं राहिला आणि कळस कळसाच्या.

येस मंडळीच्या ख्रिस स्क्वायर यानें हीच युक्ति एका वाद्यांत बसविली. हा गृहस्थ (१९४८–२०१५) लहानपणीं चर्चच्या गायनवृंदांत गात असे. पुढें वाद्यांच्या दुकानांत नोकरीस असतां तेथील सवलतीनें त्यानें रिकेनबॅकर बास घेतला. त्या बासच्या दोन वेटोळ्यांचे आवाज त्यानें वेगळे केले. खालचा, खोल आवाज बासच्या ध्वनिवर्धकाकडे, आणि वरचा, टणक आवाज गिटारच्या ध्वनिवर्धकाकडे, तो मुद्दाम गुरगुरेल इतका वाढवून. बूड शाबूत, आणि वर दांतेरी धार. १९७१ च्या 'फ्रॅजाइल' तबकडींतील 'राउंडअबाउट' ऐकतांना मला प्रथम वाटलें कीं मुख्य वाद्य गिटारच आहे. भाच्यानें दाखविल्यावर कळलें कीं तो बास. त्याच तबकडींत 'द फिश' म्हणून एक लहानशी रचना आहे, तींत बासवरच बास चढवून जणु एक सबंध वाद्यवृंद उभा केला आहे. गाणाऱ्या मुलांच्या रांगेंत उभें राहून ज्यानें चारी स्वरपंक्ती ऐकल्या असतील त्यालाच हें सुचावें.

जॉन वेटन याची जात निराळी. १९७२ ते १९७४ किंग क्रिमसनमध्यें तो बास वाजवी आणि गाई. स्क्वायरच्या बासला धार आहे, वेटनच्या बासला वजन आहे. १९७४ ची 'रेड' ही तबकडी तयार करतेवेळीं मंडळींत फ्रिप, वेटन व ढोलवादक बिल ब्रुफर्ड हे तिघेच उरले होते. आणि ती बाहेर पडण्याच्या आधींच फ्रिपनें मंडळी मोडल्याचें जाहीर केलें. तिची शेवटची रचना 'स्टारलेस', बारा मिनिटांची. आरंभीं अत्यंत उदास व सुरेल असें गीत आहे. तें संपतें, आणि बास एकटा तेरा मात्रांच्या आवर्तनांत एक पद धरतो. फ्रिप त्यावर चाल वाजवितच नाहीं. दोन तारांवर आळीपाळीनें एकच स्वर छेडतो, मग पुष्कळ वेळानें किंचित् वरचा, पुन्हां तोच खेळ. दर आवर्तनागणिक बासची लव वाढत जाते. प्रथम ती नुसती खरखर असते, मग घरघर होते, आणि शेवटीं जमीन बोलत असल्यासारखें वाटतें. स्वर वाढवीत नेण्याची ही रीत आम्हांस बढतीवरून ठाऊक आहे. पण येथें बढत रागाची नसून नादाच्या पोताची आहे. मग सारें फुटतें, सॅक्सोफोन धांवतात, आणि अखेर आरंभीची चाल पुन्हां येते, आतां त्या सर्व घरघरीच्या खांद्यावर बसून.

सर्वच काळ सर्वत्र फझ वापरणारेही पुष्कळ झाले. त्यांचें वादन मला नकोसें वाटलें. फझ हिंगासारखा आहे; कच्चा हुंगला तर नाक मुरडावें, फोडणींत चिमूटभर पडला तर पदार्थ उठतो, आणि मूठभर टाकला तर पानावरून उठावें लागतें. आणखी एक सूचना वडीलकीच्या अधिकारानें करतों. हा आवाज ठेवणीनेंच मोठा वाटतो, तो प्रत्यक्षांत मोठा करण्याची गरज नसते. संभाषण चालूं शकेल इतक्या आवाजांत, शक्य तर चांगल्या स्पीकरवर, तो ऐकावा. कानांत नळ्या खुपसून रात्रभर ऐकल्यानें कान जातात आणि गेलेले कान परत येत नाहींत.

महिना संपल्यावर मीं बहिणीस माझें मत सांगितलें. परीक्षेपर्यंत वादनास दिवसाकाठीं एक तास, आणि दारें लावून. गिटार विकावयाची नाहीं. तिनें थोडे आढेवेढे घेतले व मान्य केलें. तंबोऱ्याला नवा दोरा मीच आणून दिला.

मे महिन्यांत एक अडचण उपस्थित झाली. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेनें बहकतो. त्यांतून नको तो प्रवाह गळूं लागतो आणि स्वर फुटका, बसका होतो. दुपारीं चाळीस अंशांच्या उन्हांत भाच्याची डबी अगदींच घसा बसल्यासारखी बोलूं लागली. सायंकाळीं स्वयंपाकघरांत गेलों तों बहीण शीतपेटी उघडून उभी होती. घट्ट झांकणाच्या एका डब्यांत ती पत्र्याची डबी, दह्याच्या वाडग्याशेजारीं, व्यवस्थित ठेवलेली होती. "सातला त्याचा तास असतो," ती म्हणाली, "तोंवर निवेल."